बेसिलचा अतिरिक्त कार्यभार

“बेसिल कसं आहे?” खासनीस साहेबांनी विचारलं.

मी त्यांच्या टेबलासमोर बदलीचा आदेश हातात धरून उभा होतो. हा आदेश घेऊन उभं राहण्याची माझी ही पहिली वेळ नव्हती. कागदाला एव्हाना माझ्या अंगठ्याचा आकार आला होता.

“बरं आहे सर. ते माझं कार्यमुक्तीचं...”

“बरं म्हणजे? मागच्या खेपेची पानं जरा पिवळट होती म्हणे. मॅडम म्हणत होत्या.”

“आता हिरवी आहेत सर.”

“हां.” साहेबांच्या कपाळावरची आठी गेली. धरणाची पाणीपातळी सांगितली तरी ती इतक्या सहज जात नसे. “आता बोला. तुमचं काय?”

“सर, ऑर्डर येऊन महिना झाला. पती-पत्नी एकत्रीकरणाची केस आहे. एकतीस मार्चपर्यंत मी अमरावतीला हजर झालो नाही, तर ऑर्डर रद्द. जागा दुसऱ्याला जाणार. मला मोकळं करा.”

“मी कुठं नाही म्हणतोय? तुमच्या जागी माणूस आला, की दुसऱ्या मिनिटाला सोडतो.”

माझ्या जागी माणूस येणार नव्हता. हे साहेबांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि दाराबाहेर स्टुलावर पेंगणाऱ्या शिपायालाही माहीत होतं. वाघदरा धरणाच्या वसाहतीत आपणहून कोणी येत नसे. मी आलो होतो तो पहिली नेमणूक नाकारता येत नाही म्हणून. तीन बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला आम्हीच अडवलेलं पाणी. अडवणं हेच आमच्या खात्याचं मूळ काम, आणि खासनीस साहेब त्या कामात कार्यकारी अभियंत्याच्या पदापर्यंत पोचलेले.

“आणि असं बघा गावंडे,” साहेब म्हणाले, “मार्चच्या शेवटच्या शनिवारी अधीक्षक अभियंता येताहेत. बारटक्के साहेब. सहकुटुंब. रात्री बंगल्यावर जेवण आहे. मॅडम इटालियन करणार आहेत. म्हणजे तोवर तरी तुम्ही हवातच.”

“शनिवार एकोणतीस तारखेला येतो सर. सोमवारी एकतीस.”

“मग? रविवार आहे की मध्ये,” साहेब म्हणाले, आणि फाईल ओढून घेतली.

ही भानगड सुरू झाली दिवाळीच्या आधी. शैलजा खासनीस, म्हणजे मॅडम, पुण्याहून बेसिलच्या बियांची पाकिटं घेऊन आल्या. बंगल्याच्या आवारात सागाची दाट सावली, तिथं काही उगवेना. मग त्यांनी प्रसादासारखं चिमूट चिमूट बी वसाहतीतल्या प्रत्येक क्वार्टरमध्ये वाटलं. उपअभियंत्यांचं बी कुजलं. हिशेबनिसांचं शेळीनं खाल्लं. मी माझी चिमूट मागच्या दारी, मोरीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं झटकली आणि विसरून गेलो. कारण हात ओले होते आणि कागदाच्या पुडीला चिकटलेलं ते काळं बी मला आधी मुंग्या वाटलं.

तीन आठवड्यांनी तिथं बेसिलचं रान माजलं. त्यात माझं कर्तृत्व एवढंच, की मी रोज आंघोळ करत होतो.

इथं मी चूक केली. सरकारी नोकरीत एखादं काम आपल्याला येतं हे कळू देणं, ही कधीही न करायची गोष्ट. आणि मी तर न येणारं काम येतं असं कळू दिलं. एका बिलावर साहेबांची सही हवी होती, म्हणून जाताना बेसिलची जुडी घेऊन गेलो. मॅडमनी दारातच ती नाकाला लावली आणि डोळे मिटले.

“गावंडे! हे तुम्ही कसं केलंत?”

“वाहत्या पाण्यावर आहेत मॅडम,” मी म्हणालो. तांत्रिकदृष्ट्या ते खरं होतं.

सही त्याच दिवशी झाली. पुढच्या आठवड्यात पुदिना आला. मग गवती चहा, पार्सली, सेलरी, ओव्याचं रोप, आणि आणखी एक काहीतरी, जे मी शेवटपर्यंत गवत समजून उपटत राहिलो आणि जे शेवटपर्यंत येत राहिलं. आमच्याकडे याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात. मूळ पदाचं काम सांभाळून करायचा असतो. त्याबद्दल वेगळं काही मिळत नाही.

शेजारच्या क्वार्टरमध्ये आरेखक मकानदार राहायचे. मिरजेचे. रोज सकाळी कुंपणावर कोपर टेकवून चहा पीत माझी शेती बघत.

“गावंडे सायेब, ह्ये इटालियन काय न्हवं बरं का. ह्यो सब्जा हाय. फालुद्यात बी घालत्यात की, त्यातलाच.”

“मॅडम म्हणतात बेसिल.”

“मॅडम म्हणत्यात तर आसंल. आमच्यात ह्यो कबरीवर लावत्यात. वास चांगला म्हणून.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “तुमच्या दारात जित्तेपणीच उगावलाय. नशीबवान हाय तुमी.”

रविवारी वसाहतीच्या एसटीडी बूथवरून मी घरी फोन करत असे. माझी बायको रंजना अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजारला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्नाला पाच वर्षं झाली होती. त्यातली एकत्र राहिलेली मोजायची म्हटलं तर दिवाळ्या आणि उन्हाळे धरून बेरीज करावी लागे.

“सोडलं का?” तिनं हॅलोच्या ठिकाणी विचारलं.

“नाही अजून.”

“काहून? आता काय झालं?”

“ते बेसिल आहे ना...”

“कोण आहे ते बेसिल? तुमच्यावरचा साहेब आहे का?”

“झाड आहे ग. इटलीची तुळस म्हण. साहेबांच्या मिसेस स्वयंपाकात घालतात. ते माझ्याकडेच येतं फक्त.”

बूथमधल्या मीटरवरचा आकडा पुढं सरकला.

“म्हंजे,” रंजना सावकाश म्हणाली, वर्गातल्या ढ पोराला समजावतात तशी, “सरकारनं तुम्हाले धरण बांधाले ठेवलं, आन् तुम्ही तिथं सांबार पिकवून राहिले. आन् ते सांबार चांगलं येते म्हणून तुम्हाले घरी येता येत नाही.” आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिच्या लेखी सगळा हिरवा पाला सांबारच.

“तसंच काहीसं.”

“मंग मारून टाका ना ते झाड!”

“अग, असं कसं...”

“थांबा. जुई, घे, बाबांशी बोल.”

माझी मुलगी तीन वर्षांची होती. तिनं रिसीव्हर तोंडाला लावून मोठ्या माणसासारखा श्वास घेतला.

“हॅलो. कोण बोलून राहिलं?”

“मी. बाबा.”

रिसीव्हर या हातातून त्या हातात गेल्याची खुडबुड झाली.

“आई इथंच आहे,” ती अदबीनं म्हणाली. “देऊ का?”

बूथमधून मी सरळ घरी आलो. मोरीमागं गेलो. गवत कापायचा विळा कुंपणाला अडकवलेला होता. तो घेतला आणि बेसिलचं सगळं रान वितीवर कापून टाकलं. मुठीत धरायचं, कापायचं. वास असा सुटला की मकानदारांची बायको खिडकीत येऊन उभी राहिली. कापलेल्या पाल्याचा ढीग उकिरड्यावर टाकला, हात धुतले. अनेक दिवसांनी मला झोप चांगली लागली.

आठवडाभर ते खुंट तसेच उभे होते. मग प्रत्येक खुंटाच्या बगलेतून दोन-दोन शेंडे निघाले. दोनाचे चार झाले. आमच्या खात्यात बढत्या अशा मिळत असत्या तर मी त्या वर्षी मुख्य अभियंता झालो असतो. होळी यायच्या आत पूर्वी होतं त्याच्या दुप्पट बेसिल मोरीमागं उभं होतं. आटोपशीर, गोलसर, एखाद्या बागेच्या फोटोत असतं तसं.

मॅडम ते बघायला स्वतः आल्या. त्या कधी कुणाच्या क्वार्टरवर जात नसत. पांढऱ्या साडीचा काठ वर धरून मोरीच्या ओल्या फरशीवरून त्या पलीकडे गेल्या, वाकल्या, आणि एक खुंट बोटांनी चाचपला. कापल्याची जुनी खूण तिथं अजून होती. त्यांनी दुसरा खुंट चाचपला. मग तिसरा.

“खुडलंत तुम्ही.”

“हो मॅडम.”

“चांगलं केलंत. शेंडा मोडला की झाड हट्टानं वाढतं.” त्या सरळ उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. “एक मात्र लक्षात ठेवा. याला फुलावर येऊ देऊ नका. तुरे आले की खुडायचे. राहू दिले तर पानं बारीक होतात, कडवट होतात. एकदा बी धरलं की झाडाला वाटतं आपलं काम झालं. मग ते पाय पसरतं. कितीही पाणी घाला.”

“म्हणजे खुडायचं राहिलं तर...”

“तर संपलं. काहीही न करणं एवढं एकच याला सोसत नाही.”

मॅडम गेल्यावर मी मोरीच्या दगडावर बसलो. काहीही न करणं! गेली आठ वर्षं मी ज्या खात्यात होतो तिथं याचंच तर प्रशिक्षण दिलं जात होतं.

मी काही केलं नाही. आंघोळ चालू ठेवली, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. मार्चचं ऊन तापायला लागलं तसे पांढरे तुरे डोकावले. मी त्यांच्याकडे बघत दात घासले. तुरे लांबले, मधमाश्या आल्या. मार्चअखेर म्हणजे आमच्या खात्याचा शिमगा. वर्षभर झोपलेली बिलं एकदम उठतात, रविवारीसुद्धा कार्यालय उघडं. या गडबडीत मोरीमागं कुणी फिरकलं नाही. फक्त मकानदारांनी एकदा कुंपणावरून नजर टाकली.

“तुरं आलं की वो.”

“हो का?”

“खुडायचं न्हाई का?”

“वेळ कुठंय मकानदार. मार्चअखेर आहे.”

मकानदारांनी माझ्याकडे बघितलं, तुऱ्यांकडे बघितलं, आणि चहा संपवला. “बरोबर हाय,” ते म्हणाले. “मार्चअखेरीला कामं पडत्यातच मागं.”

शनिवारी दुपारी मागच्या दारावर थाप पडली. दार उघडलं तर स्वतः खासनीस साहेब. हातात रिकामी वेताची परडी. कार्यकारी अभियंत्याच्या हातात परडी मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

“शिपाई सगळे रेस्ट हाउसला अडकलेत,” ते म्हणाले. “म्हटलं आपणच नेऊ. भरून द्या.”

आणि मग त्यांची नजर पलीकडे गेली.

बेसिल गुडघ्याच्या वर वाढलेलं होतं, सगळं फुलांवर. तळाची पानं गळून गेलेली, वरची नखाएवढी. साहेब जवळ गेले. एक पान तोडून तोंडात टाकलं, चावलं आणि थुंकलं.

“गावंडे, हे तुम्ही मुद्दाम केलंत.”

पाठीमागं मोरीची भिंत होती, पुढं साहेब.

“नोटीस काढू शकतो मी तुमच्यावर.”

“कशाबद्दल सर?”

साहेबांनी विचार केला. कशाबद्दल, ते त्यांना सापडेना. त्यांनी परडी खाली ठेवली आणि कपडे धुवायच्या दगडावर, माझ्या ओल्या पंचाशेजारी बसले.

“तुम्हाला काय वाटतं,” ते म्हणाले, “मला आवडतं हे? खोकल्याच्या औषधासारखं लागतं. चार महिने खातोय. शेवयांना चोपडलेलं हिरवं. पाण्याबरोबर गिळतो.”

“मग सर...”

“मग काय मग!” ते खेकसले. आवाज लगेच खाली आला. “शैलजा कॉलेजात शिकवायची. वनस्पतिशास्त्र. माझ्या बदल्या सुरू झाल्या तेव्हा सोडलं. वीस वर्षं झाली. इथं आल्यावर तर बोलणंच बंद केलं तिनं. म्हणजे भांडण नाही. वाढू का, पुरे का, दिवा मालवू का, एवढंच. बाकी दिवसभर खिडकी.” त्यांनी परडीचा काठ बोटानं टोकरला. “तुमची जुडी आली त्या दिवशी जेवताना ती बोलली. अर्धा तास. या पानांवर तेलाच्या पिशव्या असतात म्हणे, उन्हानं फुगतात, असं कायकाय. मला काही कळलं नाही. पण बोलली. तेव्हापासून रोज बोलते.”

मोरीच्या नळातून थेंब पडत होता. मी तो बंद करायला उठलो नाही.

“तुम्ही गेलात तर हे जाईल,” साहेब म्हणाले. “हे गेलं तर ती जाईल. पुण्याला तिच्या बहिणीकडे. मला माहीत आहे.”

मी आदेश हातात घेऊन त्यांच्यासमोर इतके दिवस उभा होतो तेव्हा मला त्यांचा गळा धरावासा वाटला होता. तो राग फार सोयीचा होता. आता त्या दगडावर बसलेल्या माणसाचा गळा धरण्यासारखा राहिला नव्हता, आणि सोमवारी एकतीस तारीख होतीच.

“खालच्या फांद्यांना असतील काही बरी पानं,” मी म्हणालो. “बघतो सर.”

आम्ही दोघांनी मिळून मूठभर पानं काढली. परडीत ती नीट दिसतसुद्धा नव्हती.

“तुम्हीच घेऊन या,” साहेब उठत म्हणाले. “जेवायलाच या. माझ्यानं देववणार नाही.”

संध्याकाळी मी बंगल्यावर गेलो तेव्हा पाहुणे यायचे होते. स्वयंपाकघरात मॅडम एकट्याच. मी परडी ओट्यावर ठेवली आणि म्हणालो, “मॅडम, एवढीच निघाली. फुलावर आलं सगळं.”

“आलं ना?” त्यांनी परडीत डोकावून पाहिलं आणि चक्क हसल्या. “मला वाटलं होतं त्यापेक्षा उशीर लावलात.”

मी ठेवलेली परडी पुन्हा उचलली आणि पुन्हा ठेवली.

“मी काय तुम्हाला उगाच सांगितलं तुऱ्यांचं?” त्या म्हणाल्या. “ते खुंट मी पाहिले होते. खुडलेलं वेगळं दिसतं, गावंडे. ते दातओठ खाऊन कापलेलं होतं. मग मी मकानदारबाईंना विचारलं, यांचं बिनसलंय काय. तेव्हा तुमच्या ऑर्डरचं कळलं.”

“मग साहेबांना तुम्ही...”

“साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी बेसिल बघायला दुसरा माणूस नेमला असता. झाड राहिलंच असतं.” गॅसवर पातेलं होतं, त्याची आच त्यांनी कमी केली. “मला ते झाड नको होतं.”

“पण साहेब म्हणाले, तुम्ही रोज जेवताना...”

“बोलते. झाडाबद्दल. या घरात बोलण्यासारखं तेवढं एकच जिवंत होतं. दुसरं काही काढलं की पुण्याचं निघतं, आणि पुण्याचं निघालं की ते हात धुवायला उठतात. मग मी पुन्हा पानांवर येते.” त्यांनी परडी बाजूला सरकवली. “त्यांना ते अजिबात आवडत नाही, माहीत आहे मला. प्रत्येक घासाला पाणी पितात. आणि मी वाढते. चार महिने दोघं एकमेकांना हेच करतोय.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मॅडमनी पदर खोचला.

“जा, पंगतीत बसा. आणि काही झालं तरी मध्ये बोलू नका. येतं ना तुम्हाला तेवढं?”

बारटक्के साहेब पोट सांभाळत आले. मोठ्यानं बोलणारा, मोठ्यानं हसणारा माणूस. पानं वाढली गेली तेव्हा त्यांचा आवाज आणखी चढला, कारण पानात पिठलं होतं. ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांदा, आणि पिठल्यावर सढळ हातानं कोथिंबीर. इटालियन असं काहीही नव्हतं.

“वहिनी!” बारटक्के म्हणाले. “अहो, हिनं सांगितलं इटालियन आहे, म्हणून मी रेस्ट हाउसला चार केळी खाऊन आलोय! आधी सांगायचं ना!”

“काय तुमचं बोलणं,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

खासनीस साहेब पानाकडे बघत होते. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम भाकरीवर लोणी घालत होत्या.

“बेसिल संपलं,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “आमचे हे गावंडे बघत होते. पण ते आता चाललेत ना, अमरावतीला.”

“गावंडे?” बारटक्क्यांनी घास थांबवून माझ्याकडे बोट केलं. “एकत्रीकरणाची केस ती? अरे, मीच पाठवली की मंत्रालयात! तुम्ही अजून इथं? एकतीसला लॅप्स होईल ती. खासनीस, हे अजून इथं कसे?”

मी पिठल्याकडे बघत राहिलो.

“सर, सबस्टिट्यूट...” खासनीस साहेब म्हणाले.

“कसला सबस्टिट्यूट घेऊन बसलात! इथं कोण येतंय मरायला? सॉरी वहिनी. उद्या सोडा त्यांना. सकाळीच.”

“उद्याच सोडणार होते हे,” मॅडम म्हणाल्या. “हो ना?”

“हो,” साहेब म्हणाले.

“आणि जूनपासून मीही नसेन.” मॅडमनी ठेच्याची वाटी बारटक्क्यांकडे सरकवली. “पुण्याला माझ्या जुन्या कॉलेजात तासिका तत्त्वावर घेताहेत. मी हो कळवलंय. सर, ठेचा घ्या, तिखट नाही फार.”

“वा वा! अभिनंदन!” बारटक्के म्हणाले. “खासनीस, बोलला नाहीत!”

खासनीस साहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग त्याचे दोन केले. मग चार. हात धुवायला उठतील असं मला वाटलं. ते उठले नाहीत. पाहुण्यांसमोर उठता येत नाही. मॅडमनी ही बातमी याच दिवसासाठी का ठेवली होती ते मला तेव्हा कळलं, आणि त्या घरात एवढं साधं वाक्य बोलायलासुद्धा अधीक्षक अभियंत्यांचा दौरा लागतो, हेही.

“पिठलं छान झालंय,” साहेब शेवटी म्हणाले. “अजून वाढ.”

मॅडमनी वाढलं. त्या रात्री साहेब पाणी फार कमी प्यायले.

रविवारी सकाळी माझा कार्यमुक्तीचा आदेश निघाला. मार्चअखेर असल्यानं टंकलेखक होताच. साहेबांनी सही केली, मान वर केली नाही. मी धरणाचं काम उपअभियंत्यांना सोपवलं, मोजपट्ट्या भांडारात दिल्या, आणि ट्रंक, वळकटी बांधून क्वार्टरच्या दारात आणून ठेवली. जीप मला कराड स्टेशनवर सोडणार होती. ड्रायव्हर सामान चढवत होता, तेवढ्यात मागच्या बाजूनं बादलीचा आवाज आला.

मी मागं गेलो. खासनीस साहेब पँटचे पाय दुमडून मोरीपाशी उभे होते.

“तुमचा हा चार्ज कोणाला दिलात?” त्यांनी बेसिलकडे बोट केलं.

“कोणालाच नाही सर. ते संपत आलंय.”

“मी घेतो.”

“सर, आता पानं येणार नाहीत त्याला.”

“बी तर येईल? शैलजा जूनला जाणार. वेळ आहे अजून.” त्यांनी बादली खाली ठेवली. “तुरे कधी काढायचे?”

“तपकिरी झाले की. हातावर चोळले की काळं बी सुटतं. मुंग्यांसारखं दिसतं.”

त्यांनी मान हलवली. मीटिंगमध्ये मुद्दे ऐकतात तशी, लक्षपूर्वक. मग मकानदारांच्या कुंपणाकडे एकदा बघून घेतलं. कुंपणावर कोणी नव्हतं.

“गावंडे, झाडांशी बोलतात म्हणे लोक. तुम्ही बोलायचात?”

मी बेसिलला जे काही बोललो होतो ते सांगण्यासारखं नव्हतं.

“कधीमधी सर.”

“काय बोलायचं असतं?”

मला तीन वर्षांची मुलगी होती, आणि तिच्याशी काय बोलायचं हे मला बडनेरा स्टेशनपर्यंतच्या प्रवासात ठरवायचं होतं. मी म्हणालो, “आज काय झालं, ते सांगायचं सर. तिथून सुरुवात करायची.”

“एवढंच?”

“एवढंच.”

जीपचा हॉर्न वाजला. मी नमस्कार केला आणि निघालो. क्वार्टरच्या कोपऱ्यावर वळताना मागं बघितलं. साहेब दगडावर बसले होते, बेसिलकडे तोंड करून. त्यांनी घसा साफ केला.

“आज मध्यान्हपूर्व,” ते म्हणाले, “गावंडे कार्यमुक्त झाले.”

आणि पुढं काय बोलावं, याचा विचार करत बसले.